पाठमोऱ्या फोटोंचा रोल

सोमवार, ३ सप्टेंबर

पोहोचले एकदाची! ताई बस-थांब्यावर आधीच येऊन उभी होती. मिठीबिठी राहिली बाजूला, तिनं पहिल्यांदा माझी बॅग उचलून पाहिली आणि म्हणाली, ठमे, यात कपडे आहेत की विटा? कपडे दोनच जोड होते. बाकी सगळे कॅमेरे.

ताईचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली सायकलदुरुस्तीचं दुकान आणि पलीकडे नदीचा कठडा दिसतो. आता इथेच राहायचं. फोटोच्या दुकानात नोकरी लागली आहे, तेही फिल्म धुणाऱ्या दुकानात. अशी दुकानं आता शोधूनही सापडत नाहीत, मला घरबसल्या सापडलं. ताईनंच जाहिरात पाहिली होती.

टेबलावर दोन्ही कॅमेरे मांडले. एक बाबांचा जुना, जड, चामड्याच्या पिशवीतला. त्याचं शटर दार आपटल्यासारखं वाजतं. दुसरा माझा नवा निळा, खेळण्याइतका हलका. एका फोटोच्या जागेत दोन फोटो घेतो, त्यामुळे रोल संपता संपत नाही. ताई म्हणाली, फोनवर फुकट निघतात की. मी म्हटलं, फोनवर लगेच दिसतात, मग वाट बघायची मजा कुठे राहिली?

चहा पिताना निळ्या कॅमेऱ्यानं तिचा फोटो काढला. तिनं लगेच उजव्या भुवईवरचा व्रण बोटानं झाकला. लहानपणी मी तिच्या तोंडावर दार ढकललं होतं, त्याची ती खूण; आल्यागेल्याला अजून कौतुकानं सांगते. मी म्हटलं, हात काढ, त्यावरूनच तर तू ओळखू येतेस. ती इतकी हसली की कपातला चहा सांडला. तेवढ्यात मी कळ दाबली.

बुधवार, ५ सप्टेंबर

दुकान छान आहे. पुढे काचेचं दार, काउंटर, भिंतीवर लोकांची लग्नं आणि बाळं. मागे डार्करूम. मालक बुटके, मितभाषी, आणि बोटं रसायनांनी कायमची तपकिरी झालेली. आज त्यांनी मला स्वतः प्रिंट काढू दिली. लाल दिव्याखाली पांढऱ्या कागदावर आधी केस आले, मग डोळे. शेकडो वेळा पाहिलंय, तरी दर वेळी माझ्या तोंडून ‘अगंबाई’ निघतंच.

मालकांचा एकच नियम. गिऱ्हाइकाचा कॅमेरा उजेडात उघडायचा नाही. रिकामा आहे असं त्याच्या मालकानं शपथेवर सांगितलं तरी नाही. बाह्या असलेली एक काळी पिशवी आहे. तिच्यात कॅमेरा ठेवायचा, हात घालायचे आणि आधी चाचपून बघायचं. मी मनात म्हटलं, एवढं तर पोरासोरांनाही कळतं.

शनिवार, ८ सप्टेंबर

आज जे केलं ते लिहायलाही लाज वाटते.

मालक रसायनं आणायला गेले होते. दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले, डोळ्याला भिंग लावून लावून नजर पार गेलेली. माझ्यासाठी ते घड्याळवाले आजोबा. त्यांनी रुमालात गुंडाळलेला जुना कॅमेरा काउंटरवर ठेवला. आत बायकोचा शेवटचा रोल होता. ती गेल्या हिवाळ्यात गेली.

आजोबा बोलके. म्हणाले, ती भारी लाजाळू होती. कॅमेरा उचलला की झटकन पाठ फिरवायची. इतक्या वर्षांच्या संसारात तिचे फोटो सगळे पाठमोरे. चेहऱ्याचा एकही नाही. आजारी पडल्यावर तिनं कबूल केलं होतं, शेवटच्या फोटोला वळेन. आणि खरंच वळली. तो फोटो या रोलमध्ये आहे. आता मला चेहरा नीटसा आठवत नाही बघा, म्हणाले, आणि मला पाठ करून भिंतीवरचे फोटो बघत राहिले. डोळे पुसत असावेत.

मला काय शहाणपणा सुचला! त्यांना दाखवायचं होतं की मुलगी जाणकार आहे. रोल गुंडाळायची कळ फिरवली, तर ती सैल फिरली. म्हणजे फिल्म आधीच डबीत परत गेली आहे, असं मी ठरवून टाकलं आणि झाकण उघडलं. भर दुपारी, काचेच्या दाराशी. आत फिल्म सबंध पसरलेली होती. कळ तुटली होती, एवढंच.

मी झाकण मिटलं. आजोबा वळले तेव्हा मी हसत होते. म्हटलं, होईल आजोबा, काळजी करू नका.

रविवार, ९ सप्टेंबर

दुकान बंद असतं, पण किल्ली माझ्याकडे आहे. एकटीनं रोल धुतला. काळाकुट्ट. अगदी आतल्या गुंडाळीतला पहिला फोटो तेवढा वाचलाय: नदीच्या कठड्याशी पाठमोरी बाई, लांब कोट, मानेवर सैल अंबाडा. चेहऱ्याचा फोटो सगळ्यात बाहेर होता. तोच आधी गेला.

मालकांना सांगायला हवं. सांगितलं तर नोकरी जाईल, हे खरं. पण त्याहून कठीण आहे ते आजोबांना सांगणं. माझ्या हातून त्यांची बायको दुसऱ्यांदा गेली.

रात्रीपर्यंत ताईच्या पाठीकडे बघत बसले. तिची अंगकाठी अगदी फोटोतल्या बाईसारखी आहे.

गुरुवार, १३ सप्टेंबर

केलं. ताईला सांगितलं, एक जुना कॅमेरा दुरुस्त केलाय, तपासायचाय. तिच्या मैत्रिणीचा लांब कोट मागून आणला, अंबाडा मीच घातला. कठड्याशी, बाकावर, झाडाखाली. ती बिचारी सारखी माझ्याकडे वळून हसायची आणि मी सारखी ओरडायची, पाठ कर, पाठ कर. शेवटी वैतागून म्हणाली, ठमे, माझं तोंड इतकं वाईट आहे का गं? मी पुढचा फोटो घेतला. फसवायचं आजोबांना, आणि वापरायचं हिला.

मंगळवार, १८ सप्टेंबर

आजोबांना फोटो दिले. त्यांनी एकेक प्रिंट नाकाशी नेऊन पाहिली. हीच, हीच, म्हणत राहिले. शेवटचा फोटो आला नाही असं मी सांगितलं. मला वाटलं कोसळतील. पण ते म्हणाले, वळेल ती. तिनं शब्द दिलाय. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, पोरी, तू तिला परत आणलीस. मालकांनीही सगळ्यांसमोर पाठ थोपटली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

जाता जाता आजोबा एका फोटोवर थबकले. म्हणाले, यात तिचा खांदा जरासा वळलाय, नाही?

शनिवार, २२ सप्टेंबर

नेगेटिव्ह दुकानातच आहेत. आज भिंग लावून बघितले. खांदा वळलाय. फक्त एका फोटोत नाही, सगळ्यांत. मी काढताना सरळ पाठ होती; मीच तर ओरडत होते. आता कान दिसतो, गालाची कड दिसते. तो गाल ताईचा नाही. ताईचा गुबगुबीत आहे, हा बसलेला.

मन स्थिर करायला माझा निळ्या कॅमेऱ्याचा रोल धुतला. पहिल्या दिवशीचा चहाचा फोटो बघायचा होता. कप आहे. सांडलेला चहा आहे. आणि ताई पाठमोरी बसली आहे.

मी तिच्या हसण्यावर कळ दाबली होती. याच वहीत लिहिलंय तसं.

सोमवार, २४ सप्टेंबर

बाबांच्या कॅमेऱ्याचा रोलही धुतला. ताई जिथे जिथे आहे तिथे पाठ. अंबाडा. ताई तर वेणी घालते.

घरी आले. ती ओट्याशी उभी होती. हाक मारली तर न वळता म्हणाली, तुम्ही चहा घेणार का?

तुम्ही! मला वाटलं चेष्टा करतेय. हसले. ती नाही हसली.

बुधवार, २६ सप्टेंबर

परवापासून ताईचं तोंड पाहिलेलं नाही. मी समोर गेले की ती काहीतरी घ्यायला वळते. भांडं, टॉवेल, खिडकीचा पडदा. बरं नाही का, विचारलं तर म्हणते, घड्याळांना किल्ली द्यायची राहिली. घरात एकच घड्याळ आहे, तेही सेलवर चालणारं. तिची बोटं मात्र हवेत किल्ली पिळत असतात.

मैत्रिणीचा कोट परत करू म्हटलं. अंगातून काढायला तयार नाही.

माझ्यामुळे. हे सगळं माझ्यामुळे. खरं सांगून टाकलं की थांबेल. थांबायलाच हवं.

शुक्रवार, २८ सप्टेंबर

आजोबांकडे गेले. सांगायलाच गेले होते. भिंतभर घड्याळं, आणि सगळी चालू. त्यांनी मोठ्या आनंदानं सांगितलं, ती रोज संध्याकाळी येते. खिडकीशी बसते, पाठ करून. आधी सगळ्या घड्याळांना किल्ली देते, पूर्वीसारखी.

ताई रोज संध्याकाळी फिरायला जाते.

त्यांचा चेहरा उजळला होता. चहा प्यायले आणि उठून आले. इतकी भेकड —

शनिवार, २९ सप्टेंबर

सांगितलं. सगळं. झाकण, काळा रोल, ताई, कोट. रडत रडत सांगितलं.

आजोबा म्हणाले, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. नजर गेली म्हणून काय झालं, माझ्या बायकोच्या कोटाला पट्टा नव्हता, फोटोतल्या कोटाला आहे. पण त्याच संध्याकाळी ती दारात उभी राहिली, आणि मी काही बोललो नाही. रोज ठरवायचो, उद्या बोलेन. त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, लाज वाटते पोरी, पण मी तिला परत पाठवणार नाही. तिनं वळायचं कबूल केलंय. आज नाही तर उद्या.

मी पाया पडले. ताई माझी आहे म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाठ केली.

रविवार, ३० सप्टेंबर

ताई स्वयंपाकघरात, खुर्चीत. पाठमोरी. सकाळपासून. मी दाराला कडी घातली आहे, तिला जाऊ देणार नाही.

तिलाही सांगितलं सगळं. चुकले म्हटलं. तुझं तोंड वाईट नाही गं, कधीच नव्हतं, मीच —

बोटं किल्ली पिळतायत.

दुकानातून आणलेले नेगेटिव्ह उन्हात धरून बघितले. आता अर्धा चेहरा दिसतो. बसलेला गाल, बारीक ओठ.

ताईचा चेहरा आठवायला बसले. येत नाही. हसणं आठवतं, चहा सांडलेला आठवतो, त्याच्यावर — काही नाही. एकही फोटो नाही. मीच सांगितलं होतं, पाठ कर.

बोटं थांबली.

खुर्ची सरकली. मी वर बघणार नाही. लिहीत राहणार. लिहीत —

ठमे, म्हणाली.

ठमे! ताईच. दुसरं कोण म्हणेल? आजोबांना ठाऊक नाही हे नाव, कुणालाच नाही. ताई आहे. ताई वळतेय, कोट सळसळला —

खूण. व्रण होता. कुठल्या भुवईवर? पहिलं पान. उजव्या. उजव्या भुवईवर.

बघते आता. वळली. माझ्याकडे बघून हसतेय, आणि उजव्या भुवईवर