आईचे नाव आधी

दि. ४ मार्च, मंगळवार, सकाळचे सव्वादहा. फळमाशांचा खाऊ शिजवून उतरवला आहे. तो निवेपर्यंत हात मोकळे आहेत.

सौ. ताईस, तुझ्या धाकट्याचा नमस्कार. पायांची सूज उतरली का, सातव्या महिन्यातही बादल्या उचलतेस का, आणि भावजी अजून भांडी वाजवत घासतात का, ते कळव. मी सुखरूप आहे. (नोकरीही शाबूत आहे, असे वाटते.)

तू सगळ्यांना सांगतेस की धाकटा औषधे बनवतो. तसे नाही. मी प्रयोगशाळेतल्या फळमाशांसाठी मक्याचे पीठ शिजवतो आणि बाटल्या विसळतो. मध्यंतरी आमच्या बाईंनी (त्या इथल्या प्रमुख) विश्वासाने मोठे काम दिले: माशांची लग्ने लावायची. काही माशा रानातल्या, काही पिढ्यानपिढ्या बाटलीत वाढलेल्या. कागदावर दोन नावे, मध्ये फुली. मी पहिले नाव बापाचे धरले. शाळेचा दाखला घे, दारावरची पाटी घे, बाप पुढे आणि आई (असलीच तर) मागे. माशांत आईचे नाव आधी लिहितात, हे मला कोण सांगणार? सगळी लग्ने उलटी लागली. चिठ्ठ्या मात्र वळणदार अक्षरात.

पुढे ज्या लेकींना अंडी होणारच नव्हती, त्यांच्या बाटल्या अळ्यांनी गजबजल्या, आणि ज्या लेकुरवाळ्या व्हायच्या त्या कोरड्या राहिल्या. मोठा शोध लागला म्हणून बाईंनी सगळ्यांना चहा पाजला. (मीही दोन कप प्यायलो, हे मनाला लागून राहिले आहे.) संध्याकाळी त्यांनी सहज विचारले, "यातली आई कुठली रे?" मी दाखवली. त्या मटकन खुर्चीत बसल्या, आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अरे शहाण्या, सगळं मुसळ केरात! बस इथं. काय उलटं केलंस ते तरी समजून घे."

ताई, रानातल्या माशांच्या जनुकांत काही उपद्व्यापी तुकडे असतात. एका जागी टिकत नाहीत, भलतीकडे घुसतात आणि मोडतोड करतात. (मला आपले काका आठवले; बोललो नाही.) त्यांना आवरायला पेशीत आरएनएचे चिमुकले धागे असतात. काही प्रथिने लांब धागा कापून बेताचा करतात, काही तो हातात धरून गस्त घालतात, संशयिताचे वर्णन घेऊन फिरणाऱ्या शिपायासारखी. जुळले की धरलाच. आणि हे धागे आई अंड्यातच बांधून देते. उपद्रव एकट्या बापाकडून आला तर अंडे बेसावध सापडते, आणि त्यातून निघालेली लेक कोरडी राहते. आईच्या घराण्याने तो आधी सोसलेला असेल, तर लेक जन्मतःच सावध.

तू लिहिलेस, "माझा भित्रेपणा बाळात उतरला तर?" ते वाचून मी रडलो. (कोणी पाहिले नाही.) भीती तर मलाही तुझ्याइतकीच आहे. पण आई गेल्यावर तूच शिकवलेस ना: कडी तीनदा तपासायची, पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "झालं, आता झोप." मी अजून तसाच झोपतो. बाळाला भीती मिळालीच, तर तिच्याबरोबर हेही मिळेल. द्यायला तू आहेस.

तुझा,
धाकटा

ता. क. ही गोष्ट माशांची आहे. माणसांच्या भीतीला ती लावू नये, असे बाईंनी बजावले आहे. मी लावली आहे.

आणखी ता. क. नव्या माशा वाढेपर्यंत बाईंनी मला सुट्टी दिली आहे. (हाकललेले नाही, दोनदा विचारून घेतले.) बाळंतपण होईपर्यंत तुझ्याकडे राहू का? भावजींना विचार. भांडी मी घाशीन, न वाजवता.

शेवटचा ता. क., पेन्सिलीने. टपालावर भरवसा वाटेना, म्हणून पत्र मीच घेऊन आलो. इतक्या रात्री घंटी वाजवली तर तू दचकशील, म्हणून ते दाराखालून सरकवतो आहे. आत कडी वाजली. पुन्हा वाजली. ही तिसऱ्यांदा. झालं, ताई. आता उघड.