मी ‘जेवलो’ लिहिते

१८ मार्च, मंगळवार

घात झाला. आणि तो मी स्वतःच्या हातानं केला.

दुपारी अवीच्या फोनवर विक्रमचा मेसेज. विक्रम म्हणजे अवीचा मस्कतच्या कंपनीतला मित्र. ‘भाई, माझा एक कोड चुकून तुझ्या नंबरवर गेलाय. पाठव ना पटकन.’ बघितलं तर खरंच सहा आकडे आले होते. पाठवले. वर अवीच्या थाटात ‘घे बाबा, आणि पार्टी दे’ असंही लिहिलं. स्वतःवर खूश होत! थोड्याच वेळात अवीचं व्हॉट्सअ‍ॅप बंद. हा नंबर आता दुसऱ्या फोनवर चालू आहे म्हणे.

मग डोक्यात प्रकाश पडला. विक्रमला तर अवी गेल्याचं ठाऊक आहे. मस्कतहून त्याला घेऊन विमानानं विक्रमच आला होता. तो अवीकडे कोड कशाला मागेल? गेलेल्या माणसाला ‘भाई’ लिहिणारा कोणीतरी चोर, हे एखाद्या लहान मुलालाही कळलं असतं.

मला नाही कळलं. तो फोन हातात घेतला की अवी असतो. सवय झालीय तशी.

१९ मार्च, बुधवार

डोकं जागेवर नाही. लिहून काढते.

गेल्या ऑगस्टमध्ये अवी मस्कतला झोपेतच गेला. त्याच वेळी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, इथं दवाखान्यात. हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात धक्का नको. लक्ष्मणराव भाऊजींनी ठरवलं, आईला सांगायचं नाही. महिनाभर. मग दिवाळी होऊ दे. मग संक्रांत. आता कोणी तारीखच काढत नाही. अवी मस्कतला आहे, सुट्टी मिळत नाही, तिथं व्हिडिओ कॉल चालत नाहीत. आईंना ऐकू येत नाही, त्यामुळे बोलण्याचा प्रश्नच नाही. पण त्या वाचतात, एका बोटानं लिहितात. रोज संध्याकाळी अवीला विचारायच्या, ‘जेवलास का?’ तो लिहायचा, ‘जेवलो आई. तू जेवलीस?’

ते आता मी लिहिते. लिहायचे.

सुरुवातीला फार चुकायचे. लग्नापासून त्यांना ‘तुम्ही’ म्हणणारी मी, ‘तू’ लिहिताना बोट अडायचं. एकदा ‘आज फार दमले’ असं लिहून गेले. लगेच पुसलं. एक-दोनदा ‘जेवलात का?’ गेलं. तेही पुसलं. आईंनी कधी विषय काढला नाही. नजर अधू आहे, सुटलं असेल.

आईंसाठी म्हणून सुरू केलं हे खरं. पण आता ते माझ्यासाठीच चालू होतं, हेही तितकंच खरं. दिवसभरात तेवढाच वेळ या घरात अवी बोलायचा.

संध्याकाळी केतकी ऑफिसातून थेट आली, गच्चीबावलीहून. पोरगी घाबरली होती, म्हणून ओरडत होती. ‘ममा, ओटीपी कोण देतं यार? आणि टू-स्टेप का ऑन नव्हतं केलं?’ मग बाबांचा मेलचा पासवर्ड विचारला. सांगितला. ‘ओके, आणि बँकेचा?’ तोच. ‘फोटोंचा?’ तोच. ‘लाइक, सगळीकडे सेम?’ सगळीकडे. आईचं नाव आणि तिचं जन्मसाल. एवढा शिकलेला इंजिनिअर आणि सगळ्या कुलपांना एकच किल्ली! मला त्याचा रागही आला, आणि राग कोणावर काढायचा ते कळेना.

चोरानं मेल उघडायचा प्रयत्न केला होता. केतकीनं आधीच गाठलं. सगळे पासवर्ड बदलले. नवे कसले, नुसती अक्षरांची भेळ. ‘लक्षात ठेवायचेच नाहीत, अ‍ॅप ठेवेल. तू फक्त अ‍ॅपचा एक लक्षात ठेव. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द घे. मला पण सांगू नको.’ मी चार शब्द निवडले. चारही फिरून अवीपाशीच येऊन बसले. ते तिला सांगितलं नाही.

एकेका खात्यातून ‘कुसुम’ हे नाव पुसलं जाताना बघत बसले. अवीला हे आवडलं नसतं.

२० मार्च, गुरुवार

सकाळपासून फोन. मेलेला माणूस सगळ्यांना ‘हाय’ करतोय, अडचणीत आहे, मदत मागतोय. अवीच्या नाशिकच्या मावसबहिणीनं फोटोतला अवी बघितला आणि किंचाळून फोन टाकला. काचही फुटली. हसू येण्यासारखं आहे. मला आलं नाही.

दुपारी गौलीगुड्याहून भाऊजींचा फोन. आई त्यांच्याकडेच असतात. ‘योगिनी, मोठी परेशानी झाली की. आईला पण आलाय मेसेज. इंग्रजीत. हाय मॉम, अर्जंट म्हणे.’

‘काय म्हणाल्या?’

‘काहीच नाही. दोनदा वाचला, चष्मा पुसला, फोन उशीखाली ठेवला. आता ती काही विचारली तर मी काय सांगू? तिला कळलं तर जगायची नाही. तुझ्या भरवशावर सोडलं होतं हे सगळं.’

माझ्या भरवशावर. बरोबर आहे.

२२ मार्च, शनिवार

सायबरच्या ऑफिसात गेलो, मी आणि केतकी. तिथला हवालदार भला माणूस. खुर्ची दिली, पाणी दिलं.

‘अम्मा, नंबर किसके नाम पे है?’

‘मेरे हस्बंड के.’

‘तो उनो आको साइन करना पड़ता.’

‘वो नहीं हैं. गुज़र गए.’

त्यानं पेन खाली ठेवलं. ‘कब?’

‘ऑगस्ट में.’

‘फिर इत्ते दिन मेसेजां कौन भेज रे थे?’

केतकी माझ्याकडे बघेना. शेवटी मीच म्हटलं, ‘मैं.’

‘उनके नाम से?’

‘हाँ.’

तो काही वाईट बोलला नाही. नुसतं ‘अच्छा’ म्हणाला आणि लिहायला लागला. पण परत येताना सारखं तेच डोक्यात. दुसऱ्याच्या नावानं, दुसऱ्याच्या फोटोमागे लपून, त्याच्या आईशी बोलायचं. चोरानं चार दिवस केलं ते मी कितीतरी महिने करतेय. त्याला निदान आईंकडून काही काढायचं होतं. मलाही काढायचंच होतं की. ‘जेवलास का’ एवढं.

२३ मार्च, रविवार

सिम माझ्याकडे आहे म्हणून नवा कोड मागवला. आला. चोर बाहेर पडला! पण जाताना स्वतःची पिन लावून गेलाय. ती ठाऊक नसली तर आठवडाभर थांबायचं, मगच उघडतं, असं केतकी म्हणते. म्हणजे पाडव्यापर्यंत.

आता अवी ना त्याच्याकडे, ना माझ्याकडे.

२५ मार्च, मंगळवार

संध्याकाळी हात आपोआप त्या फोनकडे गेला. कोणाला लिहू? स्वयंपाक केला नाही. बिस्किटं खाल्ली.

२७ मार्च, गुरुवार

भाऊजी म्हणाले, रविवारी पाडव्याला ये, आणि आईला काहीतरी नीट पटेल असं सांग. काय सांगू ते मात्र त्यांनाही सुचत नाही. केतकी म्हणते, ‘ममा, आता सांगूनच टाकू ना आजीला. धिस इज टू मच.’ मी तिच्यावर डाफरले. ती न जेवता गेली.

तिचं खरं आहे. पण सांगितलं की अवी दुसऱ्यांदा जाणार. आणि या वेळी तो माझ्या तोंडून जाणार. मला भीती वाटते. आईंच्या हृदयाची वाटते, आणि त्याहून जास्त त्यानंतरच्या संध्याकाळची.

३० मार्च, रविवार, पाडवा

विद्यानगरहून रिक्षा केली. नेहमीसारखं रिक्षात बसल्यावर पर्समधून मंगळसूत्र काढून घातलं, टिकली लावली. परतीच्या रिक्षात दोन्ही काढायचं. रिक्षावाले आरशातून बघतात. बघू देत.

गौलीगुड्याला गुढी उभारलेली, गाठी लावलेल्या. खालच्या तेलुगू शेजाऱ्यांनी उगादीची पच्चडी पाठवली होती. आईंनी माझ्या हातावर चमचाभर घातली. ‘आंबट, कडू, सगळं आहे यात. खा.’ त्यांचा चेहरा बारीक झालाय. मी जवळ बसले. त्यांनी माझा गळा बघितला.

‘किती घाम आलाय गं. पुरळ उठलंय. ते काढून ठेवत जा घरी. उन्हाळ्याचं चावतं.’

मी बघतच राहिले. लग्नाच्या पहिल्या वर्षी झोपताना मंगळसूत्र काढून ठेवलं म्हणून याच बाईंनी मला घर डोक्यावर घेऊन ऐकवलं होतं. वय झालं की माणूस मवाळ होतं, असं मनाशी म्हटलं.

मग मी धीर करून त्यांच्या कानाशी मोठ्यानं बोलले. ‘आई, ह्यांचा फोन बिघडलाय. दुसराच कोणी त्यावरून लिहीत होता.’

‘ते कळलं मला. अवी मला मॉम म्हणेल होय? मी उत्तरच दिलं नाही त्याला.’

भाऊजी दारात उभे होते. त्यांचा जीव भांड्यात पडला, दिसलं मला. आई उशीखालचा फोन काढून नुसता हातात धरून बसल्या.

‘संध्याकाळी जेवलीस का म्हणून विचारणं व्हायचं,’ त्या म्हणाल्या. ‘सवय लागलीय बघ. आता घास उतरत नाही.’

‘होईल दुरुस्त, आई. उद्यापर्यंत.’

‘होऊ दे. घाई नाही,’ म्हणाल्या. आणि माझ्या हातावर हात ठेवला. निघेपर्यंत तो काढला नाही. भाऊजींनी रिक्षा बोलावली तेव्हाच उठले.

रिक्षात बसले, पण मंगळसूत्र काढायचं राहून गेलं. घरी आल्यावर लक्षात आलं.

३१ मार्च, सोमवार

दुपारी उघडलं. केतकीनं फोनवरून सांगितलं तशी आधी माझी स्वतःची पिन लावली, मग आत गेले. आठवड्याभराचे अडकलेले मेसेज धडाधड पडले, नातेवाइकांचे, विक्रमचे, कोणाकोणाचे. आईंचा एकही नाही. रोज न चुकता लिहिणाऱ्या आईंचा एकही नाही.

संध्याकाळी लिहिलं, ‘आई, फोन दुरुस्त झाला. मी जेवलो. तू जेवलीस का?’

बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. एका बोटानं लिहितात. मग आलं.

‘आता जेवेन. योगिनी, तू जेवलीस का?’

‘जेवलो’ लिहिलं. पुसलं. मग लिहिलं, ‘नाही जेवले, आई.’