कोळ्याचा धागा आणि नगरचं स्थळ

आई,

काल नातसुनेनं न्हाणीघरात कोळी बघितला आणि घर डोक्यावर घेतलं. केवढा कोळी, तर नखाएवढा. मी गेले, त्याला तळहातावर घेतलं आणि मागच्या दारी कढीपत्त्यावर सोडून आले. ती माझ्याकडं अशी बघत होती, जसं काही मी वाघाला कानाला धरून बाहेर काढलंय. मग जेवताना विषय निघाला आणि मी तिला आपल्या संगमनेरच्या घराची गोष्ट सांगितली. तुझ्याच ढंगानं सांगितली, हातवारे करून, तुझ्या आवाजात. सगळी पोटभर हसली. पण झोपायला गेले तेव्हा मनात आलं, एवढी ऐंशी ओलांडली तरी ही गोष्ट आपण कुणाला पुरती सांगितलेली नाही. तुलाही नाही. म्हणून आज लिहायला बसले आहे.

आबा, माझे वडील, पाटाच्या ऑफिसात मिस्त्री, इथपासून तिला सांगावं लागलं. लेव्हल नावाचं ते तिपाईवरचं यंत्र, त्यातून बघून साहेब लोक कालव्याचा उतार ठरवायचे, ते बिघडलं की आबांकडं यायचं. त्याच्या दुर्बिणीला डोळा लावला की आत एक उभी आणि एक आडवी रेघ दिसते. त्या रेघा म्हणजे कोळ्याचा धागा असायचा, हे आज सांगितलं तर लोकांना थट्टा वाटते. पण आबा म्हणायचे, इतकं बारीक आणि तरी इतकं ताठ राहणारं दुसरं काही देवानं केलेलंच नाही. लढाई सुरू झाली, विलायतेहून नवं सामान यायचं बंद झालं, तीच जुनी यंत्रं पुन्हा पुन्हा दुरुस्तीला यायला लागली. ऑफिसात कोळी ठेवायला जागा कुठली? ते आपल्या पडवीत आले. जुन्या खिडकीच्या मोकळ्या चौकटी आबांनी भिंतीला टेकून उभ्या केल्या आणि त्यात एकेका कोळ्याचा संसार मांडून दिला.

तुझं आणि त्यांचं तेव्हा उभं वैर. "लोकं दारात गाय बांधत्यात, आमच्याकडं कोळी," असं तू आल्यागेल्याला सांगायचीस. मानेवर फोड उठला तर कोळी मुतला म्हणून तू आबांशी अबोला धरलास. एकदा शनिवारी केरसुणी घेऊन तू पडवीत गेलीस आणि सगळी जाळी झाडून काढलीस. आबा घरी आले, बघितलं आणि म्हणाले, बरं झालं, जुन्या धाग्यावर धूळ बसते, तो मला चालतच नाही, मला कोळ्याच्या पोटातून आलेला ताजा धागा लागतो. तू जरा वेळ विचार केलास आणि तह करून टाकलास, "मग जळमटं माझी, कोळी तुमचं." तेव्हापासून दर शनिवारी तू जाळी झाडायचीस, आणि कोळी बिचारे रविवारी पुन्हा विणायला बसायचे. पिवळ्या पट्ट्यांची ती मोठी, जाळ्याच्या मधोमध दोन-दोन पाय जुळवून बसायची, तिला तू थोरली म्हणायला लागलीस, आणि ती गेली की तिच्या जागी येईल तीही थोरलीच. जेवायला वाढताना मधेच म्हणायचीस, "थोरलीनं आज कायबी खाल्लं न्हाई." आबा खाली मान घालून हसायचे. माशी धरून तिच्या जाळ्यात टाकताना मी तुला स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, आणि मी बघते आहे हे कळल्यावर तू मलाच रागावलीस, अभ्यास न्हाई का म्हणून.

मग आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. कोळी दिसायचा, धागा दिसेना. धागा दिसेना म्हणजे हातातलं काम गेलंच. एका दुपारी त्यांनी मला जवळ बसवलं. थोरलीला माझ्या बोटावर ठेवलं, हळूच टिचकी मारली, ती धागा सोडत खाली लोंबकळली, आणि तो धागा मी तारेच्या बेचक्यावर गुंडाळून घेतला. मग तो पितळी कड्याच्या बारीक खाचेत बसवायचा, दोन्ही टोकांना लाखेचा एवढासा थेंब द्यायचा. या सगळ्यात श्वास सोडायचा नाही. मला ते जमलं. कसं जमलं ते मला आजही सांगता येणार नाही, हातालाच ते ठाऊक होतं. ऑफिसातल्या साहेबाला आबांनी खरं सांगून टाकलं, त्याला काम झाल्याशी मतलब.

आता डोळ्यांपुढं येते ती दुपार. वारा पडलेला आहे. राख उडू नये म्हणून तू चुलीतला विस्तव झाकून ठेवला आहेस, दारं लावून घेतली आहेत, आणि स्वतः बाहेर उंबऱ्यावर पाय पसरून बसली आहेस. शेजारची बाई ताक मागायला येते. तू तिला म्हणतेस, "आत पोर कामाला बसलीया, मागनं या." कामाला, म्हणतेस. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीच्या उद्योगाला त्या काळी कुणी काम म्हणत नव्हतं. एकदा थोरली माझ्या कोपरावर चढली, गुदगुल्या झाल्या, मी हसले आणि धागा तुटला. तू आत येऊन पाठीत धपाटा घातलास. "हसायचं ते लावून झाल्यावं हस. हाताला काम हाय तवर त्वांड गप पायजे." हेच मी पुढं माझ्या पोरांना शंभरदा ऐकवलं.

आणि मग ते नगरचं स्थळ आलं. मुलगा कचेरीत कारकून, घर स्वतःचं, माणसं सुधारलेली. माझं सतरावं संपत आलेलं, मी रंगानं सावळी, आबांची नजर चाललेली. हे स्थळ हातचं गेलं तर पुढं अंधार आहे, असं तू देवापुढं बसून मोठ्यानं बोलायचीस, देवाला ऐकू कमी येतं की काय अशी. रेशनची साखर तू किती दिवस बाजूला काढत होतीस, शिऱ्यासाठी. चहा गुळाचा प्यायलो आपण. पडवीचं दार लावून ठेवायचं, पाहुण्यांना तिकडं फिरकू द्यायचं नाही, हे तूच आबांना बजावलं होतंस.

आले ते तिघं, मुलगा, त्याची आई आणि मामा. मला चालून दाखवायला सांगितलं, दोन ओळी वाचायला लावल्या. मग मुलाच्या आईनं पिशवीतून सुई आणि दोरा काढला आणि म्हणाली, "हे ओव बघू बाळ." नजर तपासायची ही तेव्हाची रीत. मी दोरा ओठांना न लावता पहिल्या झटक्यात ओवला. "नजर चांगली आहे हो," बाई म्हणाल्या. तिथंच सगळं संपायला हवं होतं. पण तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस, आणि तुला राहवलं नाही. "सुईचं काय घिऊन बसलाय," तू म्हणालीस, "ही कोळ्याचा धागा लावती." आबांचा कप ओठांपाशीच थांबला. स्वतः लावलेलं पडवीचं दार तू स्वतःच्या हातानं उघडलंस.

मामांनी नाकाला रुमाल लावला, वास कसलाच नव्हता तरी. मुलाची आई दारातूनच बघत राहिली. मुलगा मात्र चौकटीपाशी गेला, हात मागं बांधून थोरलीकडं बराच वेळ बघत बसला. कोपऱ्यात दुरुस्त झालेली लेव्हल उभी होती. आबांना विचारून त्यानं दुर्बिणीला डोळा लावला, नदीपलीकडच्या चिंचेवर ती धरली. मग वळला, आबांकडं नाही, माझ्याकडं. "हे तुम्ही लावलंत?" मी हो म्हणाले. "हात कापत नाही?" मी म्हणाले, "श्वास सोडला तर कापतो." एवढंच आमचं बोलणं.

परत येऊन बसल्यावर बाई चांगल्या शब्दांत बोलल्या, हे मला कबूल केलंच पाहिजे. मुलगी पसंत आहे, म्हणाल्या. मानपानाचा हट्ट नाही. फक्त लग्नाआधी ते किडे घरातून गेले पाहिजेत, आणि आमच्या नात्यात ही गोष्ट कुणाच्या कानावर जाता कामा नये. "कोळी पाळणाऱ्यांची पोर म्हणून उद्या सुनेला नावं ठेवतील. तिलाही सांगून ठेवा, आमच्याकडे हा विषय कधी काढायचा नाही." आबा जमिनीकडं बघत होते. ते हो म्हणणार होते, माझ्यासाठी त्यांनी कोळीच काय, हातसुद्धा तोडून दिला असता. मी तुझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता तू सुटलीस, कोळीही जातील आणि पोरही खपेल.

तू ओला हात पदराला पुसलास. "कोळ्यांचं काय, आज हायेत, उद्या न्हाईत. नदीकाठाला सोडून यीन मी. पर पोरीला जे येतंय ते तिनं जल्मभर झाकून ठिवायचं, हे न्हाई जमायचं. लाज वाटावी असं काय केलंय तिनं?" बाई म्हणाल्या, नीट विचार करा, असं स्थळ पुन्हा येणार नाही. "न्हाई आलं तर न्हाई," तू म्हणालीस. आवाज चढवला नाहीस. उलट उरलेला शिरा केळीच्या पानात बांधून त्यांच्या हातात दिलास, मोटार उशिरा सुटती, वाटंत खावा म्हणून. मुलानं एकदा आईकडं बघितलं आणि चप्पल घालून निघाला.

गावानं तुला काय काय म्हणून घेतलं. पोरीचं वाटोळं केलं, कोळ्यापायी जावई घालवला. तू नदीवर धुणं धुताना ताठ मानेनं तीच गोष्ट रंगवून सांगायचीस. आणि मला, आई, तुझा इतका अभिमान वाटायचा की तुझ्या मागं धुण्याची बादली घेऊन चालताना माझी मानही आपोआप ताठ व्हायची. पाहुणे गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी कुणी न सांगता तू विस्तव झाकलास आणि उंबऱ्यावर जाऊन बसलीस. त्या दुपारी मी लावलेला धागा मी आयुष्यात लावलेल्या धाग्यांत सगळ्यात सरळ होता. पुढं काष्टीचं स्थळ आलं, तेव्हा तू त्यांना पाण्याचा तांब्या द्यायच्या आधीच विचारलंस, "आमची पोर कोळ्याचा धागा लावती, चालतंय का?" खुद्द नवरदेवच हसून म्हणाले, चालतंय. त्यांच्याबरोबर माझा संसार चांगला झाला, तू बघितलासच. काष्टीच्या बाजारात ते लोकांना कौतुकानं सांगायचे, आमच्या हिनं धागा लावलाय म्हणून पाटाला पाणी नीट येतंय.

राहिलं ते एवढंच. तुझ्या गोष्टीत तो नगरचा मुलगा नेहमी बावळट असायचा. त्याची तू नक्कल करायचीस, मान खाली, ओठ लोंबलेले, आईच्या पदराला बांधलेला. बायका हसून लोटपोट व्हायच्या, मीही हसायचे. काल मीही त्याला तसाच रंगवला. पण तो बावळट नव्हता. मला तो आवडला होता. त्याच्याआधी मला कुणी तुम्ही म्हटलं नव्हतं. पुढं कितीतरी दिवस पोस्टमन गल्लीत शिरला की मी काही ना काही निमित्त काढून दारात जायचे. तुला मी यातलं अक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तू सकाळच्या पहिल्या मोटारीनं नगर गाठलं असतंस, त्या बाईपुढं पदर पसरला असतास आणि म्हणाली असतीस, चुकलं माझं, पोर गप राहील. मुलगा गेला ते मी सोसलं. तू वाकलेली मला सोसली नसती. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचणार नाही तेच बरं आहे, तुझा काय भरवसा, तू अजूनही निघशील.