भिऊ नका, धुतलंय

प्रिय ईश्वरी,

कंपनीच्या वकिलानं भर कोर्टात नाकाला रुमाल लावला, त्या क्षणी माझं सगळं बदललं. हसू नकोस. जे तुझ्यामुळं बदलायला हवं होतं ते एका रुमालामुळं बदललं, याचा मलाही थोडा राग आहेच.

तुझा फोन अप्पांच्या कपाटात आणि मला तुमच्या सिमेंट-लोखंडाच्या दुकानाची पायरी बंद, म्हणून हे पत्र. तेलगावच्या भर बाजारात अप्पा ओरडले होते, "कॉलेज अर्धं टाकून हाणामाऱ्या करणाऱ्याला पोरगी कावून देऊ बे?" मी तुमच्याच दुकानातला गज उचलला होता. तो तसाच खाली ठेवला, एवढंच माझं त्या दिवसाचं पुण्य. खरं सांगू? तेव्हाही माझं अर्धं लक्ष गल्ल्यावर बसलेल्या तुझ्याकडं होतं. समोर तुमच्याच कटरवर सिमेंटचे पत्रे कापणं चाललेलं आणि तो पांढरा भुगा तुझ्या पापण्यांवर बसलेला. पिठूर चांदणं वगैरे म्हणून मी त्यावर चार ओळीही केल्या होत्या. तू फाडल्यास. लई बरं केलंस.

वकिलीचं दुसरं वर्ष मी सरांच्या टेबलावर मूठ आपटून सोडलं. ती मूठ आता स्टिअरिंगवर असते. गेवराईच्या गंगासागरताई वकिलांची जीप चालवतो. ताईंनी सगळी उमर एकाच कामात घातली. सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात ज्यांच्या छातीत अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ बसली, त्यांच्या वतीनं भांडायचं, तेही आवाज न चढवता. मला तर ते जमतच न्हाई. कोर्टाचा जिना चढताना पक्षकाराला धाप लागली की ताई स्वतःच कठड्याला टेकतात, "थांबा हो जरा, माझं वय झालं आता." तो बिचारा ताईंची काळजी करत उभा राहतो, आणि तेवढ्यात त्याचा दम परत येतो.

साखराबाईंची केस अवघड होती. त्यांचा नवरा म्हाळू कारखान्यात त्या धुळीची पोती फोडायचा. तो खोकून खोकून गेला. रिकामी बारदानं तो घरी आणायचा, साखराबाई ती झटकून शेळ्यांवर घालायच्या, लेकरांखाली अंथरायच्या. आता खोकला त्यांना. कंपनी म्हणे, ही बाई कारखान्यात कधी आलीच नाही, आणि आमची धूळ तर पिठासारखी निरुपद्रवी! ताईंनी सांगितलं, घरात एखादं जुनं बारदान उरलं असेल तर तपासायला आणा.

साखराबाईंनी आणलं. सोड्यात भिजवून, दगडावर आपटून, उन्हात वाळवून, छान घडी घालून. "सायबाफुडं कळकट कसं न्यावं, माय?" मी कपाळावर हात मारला. तोंडून वेडंवाकडं जाणारच होतं, पण ताई हसल्या. "झकास केलंत. रोज कसं झटकायचात, तेवढं साहेबांना दाखवा."

साखराबाईंनी पदर खोचला आणि कंपनीच्या वकिलाकडं तोंड करून बारदान असं फटकारलं की गडी टुणकन मागं सरला, रुमाल थेट नाकाला! साखराबाई मायेनं म्हणाल्या, "भिऊ नका दादा, धुतलंय."

न्यायाधीशांनाही हसू आवरेना. मग गंभीर होऊन त्यांनी रुमालासकट सगळं लिहून घ्यायला लावलं. डॉक्टरांचे कागद होतेच. काल निकाल लागला. साखराबाई जिंकल्या! आनंदानं त्यांनी ताईंना एक करडू दिलंय. सध्या ते जीपच्या सीटचं रेग्झिन खातंय.

त्या दिवशी सगळे हसत होते, मी मधेच थांबलो. मला तुझ्या पापण्या आठवल्या, ईश्वरी. ते चांदणं नव्हतं गं.

म्हणून हे पत्र. लग्नाचं मागणं नंतर. कॉलेजात पुन्हा नाव घातलंय, तेही नंतर. आधी ते कटर बंद झालं पाहिजे. हे पत्र तुला चोरून देणार न्हाई, उघडंच अप्पांच्या हातात देणार. अप्पा, आधी तुमी वाचा. ती धूळ तुमच्याही छातीत जाते. ओरडलात तर मी पायरीला टेकून उभा राहीन, तुमचा दम परत येईपर्यंत. खात्री वाटत नसेल तर साखराबाईंना विचारा. त्या मुद्दाम माझ्यासोबत येतायत, जीपमधे बसून केव्हाचा हॉर्न वाजवतायत.

ताईंच्या ऑफिसचं दार ओढून घेतो. निघालो.

तुझाच, आज मोकळ्या हातांनी येणारा,
गहिनीनाथ