मिलर्स लेनची संमती

२ फेब्रुवारी २००४
कौन्सिलचं पत्र आलं. आमची लेन टाउनच्या हद्दीबाहेर आहे. अकराही घरांच्या मालकांनी लेखी संमती दिली तर हद्दीत घेणार. म्हणजे बस येईल, रस्त्यावर दिवे येतील. मंजिरी जाताना हेच म्हणाली होती, अहो, इथे चारनंतर माणूस दिसत नाही, मी बोलू कोणाशी? तुम्ही तर असून नसल्यासारखे. शेवटचं वाक्य रागातलं. धरायचं नाही. सध्या ती एजवेअरला बहिणीकडे आहे, अलकाकडे. थोडेच दिवस. ऑक्टोबरपासून.
संकल्प: सगळ्या सह्या मी मिळवणार. शेजाऱ्यांशी माझे उत्तम संबंध आहेत.

७ फेब्रुवारी, शनिवार
पलीकडच्या मिसेस पामर दार उघडताच म्हणाल्या, मीटर मागच्या बाजूला आहे. मी शेजारी राहतो म्हटल्यावर, हो का, नवीन आलात वाटतं! नऊ वर्षं झाली. वय झालंय त्यांचं. सही दिली.

१५ फेब्रुवारी
शेवटचे राहिले होते मिस्टर ह्यूज. म्हणाले, टाउन नको म्हणूनच इथे आलो ना मी! बसबद्दल सांगितलं. तुम्हाला एवढं कुठे जायचंय? मला नाही, म्हटलं, मिसेसला परत यायचंय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि निमूट सही केली. लोकांना पटवून देणं मला पहिल्यापासून जमतं.
फॉर्म पोस्टात टाकले.

२३ फेब्रुवारी
कौन्सिलच्या बाईंचा फोन. दहा घरं ओके, एक फॉर्म अपुरा. कोण हा बेजबाबदार माणूस? तुम्हीच, म्हणाल्या. घर दोघांच्या नावावर आणि सही एकाचीच.
हे उत्तमच झालं. आता मंजिरीला यावंच लागेल.

२४ फेब्रुवारी
तिला फोन केला. यायचं कशाला, पोस्टाने पाठवा की, म्हणाली. बरोबरच आहे, थंडी फार आहे.
उरलेल्या कोऱ्या फॉर्मसोबत पत्र लिहायला बसलो. चार वेळा फाडलं. शेवटी 'पेन्सिलची खूण आहे तिथे सही कर' एवढंच लिहिलं. बाकीचं तिला कळेल.

२८ फेब्रुवारी
फॉर्म आला. पाकिटात दुसरं काही नाही. उलटं करून झटकलंसुद्धा. इतकी वर्षं तिचे सगळे फॉर्म मीच भरायचो. या वेळी तिने एकही रकाना रिकामा सोडलेला नाही. 'मालक या घरात राहतात का?' नाही. अक्षर छान आहे.
ते 'नाही' त्या तारखेपुरतं असणार.

६ मे
लेन हद्दीत घ्यायचं पक्कं झालं. बाईंनी फोनवर अभिनंदन केलं. अकराच्या अकरा घरं, असं क्वचित होतं म्हणाल्या. आता कचऱ्याचे नवे बिन येणार. फॅमिलीला मोठा, एकट्याला छोटा. घरात किती जण?
हॅलो, आहात ना, त्यांनी विचारलं.
छोटा चालेल, म्हटलं.