भरतीचा गडी

टँकर येऊन गेला होता आणि तुम्ही भरलेल्या सात घागरी अंगणात अर्धगोलात मांडत होतात. मी चुलीपाशी भाकरी थापत होते. डाव्या कोपऱ्यातली चेपलेली घागर दाखवून तुम्ही म्हणालात, "ही मी हाय बघ." मी म्हटलं, "मग आधी हीच रिकामी करते." तुम्ही हसलात, गुडघ्याची पट्टी सोडून पुन्हा घट्ट बांधलीत आणि सायकलवर सूतगिरणीच्या सरावाला गेलात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता ती गिरणीही बंद आहे. पण तुमची आठवण येते तेव्हा मला सामने दिसत नाहीत, ही सकाळ दिसते.

कबड्डीत तुम्ही कधी कुणाचे लाडके गडी नव्हतात. आधी साखर कारखान्यानं घेतलं; सकाळी मैदान, दुपारी वजनकाट्यावर काम. मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला, उभा ऊस जनावरांच्या छावणीत गेला, बॉयलर पेटलाच नाही आणि कारखान्यानं सगळ्यात आधी संघ मोडला. दूध संघानं बोलावलं, तर दुष्काळात लोकांनी म्हशी विकल्या आणि तिथलंही आटलं. मग गिरणी. मध्येच कुणाचा गडी जायबंदी झाला की दिंद्रुडहून नाहीतर मांजरसुंब्याहून निरोप यायचा आणि तुम्ही पिशवी उचलून निघायचात. सात पुरे करायला घेतलेल्या अशा माणसाला आपल्याकडं भरतीचा गडी म्हणतात. दोरीवर वेगवेगळ्या संघांची बनियनं वाळत असायची. शेजारची काकू म्हणायची, "नवरा एक अन् बनियनं चार! नेमका कुणाचा गं त्यो?" मी म्हणायचे, "ज्याला कमी पडतो त्याचा." मला त्यात काही कमीपणा वाटत नसे. तुम्हाला वाटायचा, आणि तो त्या भरती शब्दापायी.

आपली सोयरीक जमवताना तुमचे मामा माझ्या वडिलांना, आमच्या दादांना म्हणाले होते, "पोरगा भरती हाय." आमच्या गावात भरती म्हणजे पोलीस, नाहीतर फौज. दादांनी गावभर पेढे वाटले. मांडवात एका पाहुण्यानं विचारलं, "जावईबापू, ठाणं कंचं तुमचं?" तुम्ही सरळ सांगितलंत, "डावा कोपरा." सगळा मांडव हसला, जावई लई गमत्या म्हणाले. तेव्हा तुमच्या ध्यानात आलं, आणि तुम्ही गप्प राहिलात. पहिल्या दिवाळीला दादांनी वर्दी बघायला मागितली, तेव्हा तुम्ही पिशवीतनं अर्धी चड्डी काढून दाखवलीत. दादा वर्षभर बोलले नाहीत. नंतर तेच मैदानाच्या कडेला उभे राहून "धर, घोटा धर!" म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडायचे.

पण तुमच्या मनातनं ते कधी गेलं नाही. संघ सुटला की उंबऱ्यावर बसून तुमचं एकच, "मामानं फसवलं तुला. अन् मी बी त्यात." मामा मरेपर्यंत सांगत राहिले, "मी पोलीस म्हणलोच न्हाई, बाबा." तुम्ही त्यांच्याशी धड बोलला नाहीत. शेवटच्या आजारपणात माझा हात धरून म्हणालात, "एकदा तरी शिव्या घाल मला, म्हंजी सुटंल मी." मी तुमची वाकळ सारखी केली आणि विचारलं, "चहा घेता का?" एका वाक्याचं काम होतं. पण पोरांची लग्नं झालेली बाई मी, ते वाक्य बोलायची मला लाज वाटली. हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून आज लिहिते.

सोयरिकीच्या आधी मी तुम्हाला पाहिलं होतं. केजच्या बाजाराला मावशीबरोबर आले होते आणि मैदानात सामना चालू होता. तुम्ही राखीव, कडेला बसून दुसऱ्यांच्या टॉवेलांच्या घड्या घालत होतात. शेवटी उतरवलं. चढाईवाल्याचा घोटा तुम्ही धरलात, त्यानं तुम्हाला रेषेपर्यंत फरफटत नेलं आणि तो सुटला. तुम्ही हरलात. उठून आधी त्याच्या पाठीची माती झटकलीत, मग स्वतःची. मी मावशीला म्हटलं, "हा."

"हा? अगं, हा तर भरतीचा गडी हाय. आज हितं, उद्या तिथं."

"असू दे."

मावशी हसली आणि तिथंच तिनं तुमच्या मामांना गाठलं.

दुसऱ्या दिवशी मामा कारखान्याचं पत्र घेऊन आमच्या घरी आले. दादांना वाचता येत नव्हतं. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून अक्षरं शिकलेली घरात मी एकटीच. पत्रात लिहिलं होतं, "कबड्डी संघात हंगामापुरती भरती." दादांनी विचारलं, "काय लिव्हलंय?" मी त्यातला "भरती" एवढाच शब्द मोठ्यानं वाचला, कागदाची घडी घातली आणि मामांच्या हातात दिली.