लेथवर काढल्यासारखी चाई

४ जानेवारी
या घरात स्वतःच्या हातांनी केलेलं: दोन कूलर (एक चालतो), गॅलरीची जाळी, देवघराची बिजागरं, सुचेताचा शेवयांचा साचा. कुठलाही डिप्लोमा नाही. बघितलं, शिकलो.
आज न्हाव्याने मागे आरसा धरला. डोक्याला चाई पडलीय, केस गेलेला गोल चट्टा. घरी सुचेताकडून वर्नियरने मोजून घेतली: १९ मिलिमीटर. कडा इतकी साफ, की माझ्या वर्कशॉपातल्या लेथवर काढल्यासारखी. काम मात्र माझं नाही.

११ जानेवारी
बायकोच्या हट्टाखातर सोनागिरीतल्या दवाखान्यात. या हिंदी मुलखात राहून हिंदीत बोलायची मला तीस वर्षांची सवय. स्वच्छ सांगितलं, "डॉक्टर साहब, सिर पे चाई पड़ी है." त्याने विचारलं, "कितनी गरम थी?" मला वाटलं, प्रकृती विचारतोय. म्हटलं, "शुरू से ठंडी है." त्याने भाजल्यावरचं मलम दिलं.
सुचेता रिक्षात हसत सुटली. "अहो, त्याला वाटलं तुमच्यावर चहा सांडला!" चूक उघडच डॉक्टरची. परत जाणार नाही.

१९ जानेवारी
फोनवर सगळं वाचून काढलं. अंगातले पहारेकरी म्हणे आपल्याच केसांना परके समजून हाकलतात. जगात कोट्यवधी लोकांना होतं. कोट्यवधी! आणि एकालाही स्वतः काही बनवून बघावंसं वाटलं नाही.

२ फेब्रुवारी
परांजपेसाहेब आले. कारखान्यातले माझे जुने इंजिनिअर, आता गावातच बाग सेवनिया भागात ट्रेनिंगची संस्था चालवतात. म्हणाले, "नरहरराव, पोरांना लेथ शिकवायला तुम्ही या. सर्टिफिकेट विचारणार नाही. तुमचा हात मी बघितलाय."
हे वाक्य ऐकायला पन्नाशी उलटावी लागली. कानटोपी काढली नाही. १ एप्रिलपासून सुरुवात. तोवर चाई भरून काढायची. निश्चय.
साहेब गेल्यावर सुचेता म्हणाली, "रडताय?" म्हटलं, टोपीचा घाम.

१० फेब्रुवारी
लाल प्रकाशाने केस उगवतात म्हणे; जुन्या हेल्मेटमध्ये आतून चाळीस लाल एलईडी बसवले. वर कांद्याचा रस. तन्वीने पुण्याहून व्हिडिओ कॉल केला. "बाबा, गणपतीचं मखर दिसताय!" मुलीला तांत्रिक अंग नाही.

२३ फेब्रुवारी
चाया तीन. मोठी ३४ मिमी. वर्नियरमध्ये एरर दिसतोय.

९ मार्च
डावी भुवई गेली. टोपी ओढून ओढून किती खाली ओढणार? पुढचं दिसत नाही.
सुचेताने हात जोडले. "अहो, चामडीच्या मोठ्या डॉक्टरकडे चला. भांडण तुमच्यात नि तुमच्यात आहे. तिसऱ्याला मध्ये पडू द्या."
आयुष्यात एकही वस्तू बाहेर रिपेअरला दिली नाही. स्वतःपासून सुरुवात करू?

१७ मार्च
वर्कशॉपचं शटर बंद. पाटी लावली: मशीनचं काम चालू आहे. तसं खोटं नाही.

२२ मार्च
दूध दाराच्या फटीतून घेतलं. गरमी वाढली. कूलर लावायचा तर खिडकी उघडावी लागते, खिडकीसमोर अख्खी गल्ली. कानटोपी घालून पंख्याखाली बसलोय. शेजारच्या मिश्राजींनी दार वाजवलं, "नरहर भाई, ज़िंदा हो?" आतून दोनदा दार ठोकलं. ते समाधानाने गेले.

२९ मार्च
परांजपेसाहेबांचा फोन. ओळखपत्राला फोटो हवा, उघड्या डोक्याने. म्हटलं, जरा अडचण आहे. बायकोने फोन ओढून सगळं सांगून टाकलं. साहेब हसले. "अहो, मी तर अख्खा टकला आहे!" म्हटलं, साहेब, तुमचं टक्कल सरळ आहे. माझ्यात डिझाइनचाच घोळ आहे. पोरं लेथकडे बघणार नाहीत, माझ्याकडे बघतील.
म्हणाले, "बघू देत की. परवापर्यंत कळवा."
सुचेता रात्री जेवली नाही.

३१ मार्च
हेल्मेट काढून आरशात बघितलं. उजवी भुवईही विरळ वाटते. प्रकाश कमी असेल.
साहेबांना फोन केला.

१ एप्रिल
आज पोरांचा पहिला वर्ग. सुचेता बोलत नाही. खिडकी बंद.
नोंद असावी म्हणून लिहितो: प्रमाणपत्र न विचारता, केवळ हात बघून, लेथ शिकवायला बोलावलं होतं. महिना अठ्ठावीस हजार रुपये. मी नको म्हणालो.